सहा वाक्यांचा झील

माझी आई मासे विकायची आणि मी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. या दोन गोष्टी एका घरात नांदल्या त्या आईच्या समजूतदारपणामुळे. मी माझ्या परीने त्यांना शक्य तेवढं लांब ठेवलं होतं. वर्गात कुणी "माका" म्हणालं की मी त्याला फळ्यावर "मला" लिहायला लावायचो, फळा भरेपर्यंत. पोरं हसायची, ज्याची पाळी असायची तो मान खाली घालायचा आणि मला वाटायचं, आपण फार मोठं काम करतोय. घरीही तोच खाक्या. मुलं लहान असताना बायकोला बजावलं होतं की त्यांच्यासमोर मालवणी बोलायचं नाही. ती वैभववाडीकडची, शेतकऱ्याची मुलगी. ऐकलं तिने, पण मी घरात नसताना ती आणि आई मनसोक्त बोलायच्या हे मला ठाऊक होतं. मी चप्पल काढायला लागलो की दोघींचा आवाज बदलायचा.

आईला मी लहानपणी "आये" म्हणायचो. बी.एड. करून आलो आणि "आई" म्हणायला लागलो. तिने कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदाच, घरी मुख्याध्यापक चहाला आले होते तेव्हा, ती "माका ठाऊक नाय" म्हणाली आणि मी सगळ्यांसमोर "मला म्हण, आई" असं हसत हसत सुधारलं. त्या दिवसानंतर घरी कुणी आलं की ती मागच्या दारी जाऊन बसायची.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार, शेवटी जवळची माणसंही ओळखू येणार नाहीत. तिच्या आठवणीतून माणसं एकेक करून गेलीही. शेजारीण गेली, नातवंडं गेली, वास्कोला दिलेली माझी बहीण गेली. राहिलो मी. मी खोलीत गेलो की तिचा चेहरा उजळायचा आणि ती म्हणायची, "इलंस रे झिला?" इलंस म्हणजे आलास, झील म्हणजे मुलगा. बायको म्हणायची, एवढं एक तरी शिल्लक आहे, ते जपा.

मी कसं जपलं ते आता सांगतो.

दिवसभर आईचं सगळं बायकोच करायची. दुपारी दोन ते सहा ती बचत गटाच्या कोकमाच्या कामाला जायची, तेवढे चार तास माझे. त्या चार तासांत मला शाळकरी मुलांसाठी शुद्धलेखनाची एक पुस्तिका लिहायची होती. मी पडवीत टेबलाशी, आई शेजारी खुर्चीत, आणि दर पाच मिनिटांनी तिचा एकच प्रश्न: "रापण इली काय रे?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर उभं राहून सगळ्यांनी ओढायचे. तोंडवलीला आमचं घर होतं तेव्हा बाबा रापणीवर होते. रापणीचा एक रिवाज मला फार नंतर मोठा वाटला: दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. मग तो गावचा असो, परका असो, वाटसरू असो. आई मला शाळेत जाता जाता किनाऱ्यावर थांबवायची आणि म्हणायची, "हात लाय जरा." हाताला वास येईल म्हणून मी दोन बोटं टेकवायचो आणि पळायचो. संध्याकाळी ती माझ्या नावाचा वाटा वेगळा घेऊन यायची आणि सगळ्यांना सांगायची की आज झिलानेही ओढली.

तर, "रापण इली काय रे?" सुरुवातीला मी सांगायचो की आता रापण नाही, आपण मालवणात राहतो. मग नुसतं "नाही" म्हणायला लागलो. मग "हं." एके दिवशी पुस्तिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रकरणात अडकलो होतो आणि तिने बहुधा विसाव्यांदा विचारलं. मी ओरडलो. रापण येणार नाही, बाबा जाऊन वीस वर्षं झाली, किती वेळा सांगू. तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. बाबा गेल्याची बातमी तिला त्या क्षणी कळली आणि ती हंबरडा फोडून रडली. बायको आली तेव्हा आई थकून झोपली होती. काय झालं असं तिने विचारलं, मी म्हणालो, काही नाही, अशीच रडली.

त्यानंतर आठवड्याभरात बहिणीचा फोन आला. तिचा नवरा शिपवर असायचा. जपानच्या बंदरात एका दुकानात त्याने म्हाताऱ्यांना सोबत करणारे रोबो पाहिले होते, विसर पडणाऱ्या माणसांसाठीच केलेले. फोटो मेलवर पाठवतो, दादाने निवडावं, असा त्याचा निरोप होता. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं कशाचं होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

बाजारातल्या सायबर कॅफेत बसून मी फोटो पाहिले. चार होते. पहिला पांढऱ्या केसाळ सील या समुद्री प्राण्याचा. कुरवाळलं की मान वळवतो, डोळे मिटतो, असं मेव्हण्याने लिहिलं होतं. आईला तो दाखवला असता तर कोणत्या जाळ्यात सापडला आणि खातात का, एवढंच तिने विचारलं असतं. दुसरी मांजर, अंगावर हात फिरवला की गुरगुरणारी. माशाच्या टोपलीपाशी बसून जन्म काढलेल्या बाईला मांजर द्यायची म्हणजे तिच्या हातात काठीही द्यायला हवी होती. तिसरा कुत्रा, तो चालायचा, आणि तो पायात येऊन आई पडली असती तर निस्तरायचं कुणी? चौथं एक बाहुलं होतं. दोन वर्षांच्या पोराएवढं, कापडी अंगाचं, मोठ्या डोळ्यांचं, मुलगा की मुलगी ते कळू नये असं. माणसाचा आवाज ऐकला की डोळे उघडायचं, मान हलवायचं आणि बोलायचं. मुळात ते जपानी बोलायचं, पण त्यात घरच्या माणसाच्या आवाजात सहा वाक्यं भरता येतात, असं खाली लिहिलं होतं.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. उत्तर देणारं यंत्र. मला हवं होतं ते हेच.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. प्रत्येकाचे गुणदोष मी तिला वर्गात सांगावेत तसे समजावले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, यातलं आईंना काय आवडेल? मी म्हणालो, बाहुलं. ती म्हणाली, ते तुम्हाला आवडलंय. मी चिडलो, जपानी माणसांनी अभ्यास करून बनवलेली वस्तू आहे म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी मेल करून टाकला.

दोनेक महिन्यांनी बहिणीने वास्कोहून कुणाबरोबर तरी खोका पाठवला. बाहुलं बाहेर काढलं, सेल घातले, मग मी कागद घेऊन बसलो. कोणत्याही प्रश्नाला चालतील अशी सहा वाक्यं हवी होती. पेपर काढायची सवय असलेल्या माणसाला ते काम आवडलं, हे कबूल करतो. स्वच्छ उच्चारात मी सहा वाक्यं भरली: "हो आई, आली रापण", "मी इथेच आहे", वगैरे. बाहुलं आईच्या मांडीवर ठेवलं. ते बोललं आणि आईने ते झटकन खाली ठेवलं. घाबरून म्हणाली, कोण बाप्या आसा ह्येच्यात?

बायको दारात उभी होती. तिने सुचवलं की तिच्या बोलीत बोला.

मी खोलीचं दार लावून घेतलं. खिडकीही लावली, कारण पलीकडे माझा एक जुना विद्यार्थी राहायचा. चाळीस वर्षांत मी मालवणी बोललो नव्हतो, जमेल का अशी शंका होती. पहिलंच वाक्य तोंडातून असं निघालं की मीच दचकलो. तो आवाज मऊ होता, लहान होता, त्याला कसलीच घाई नव्हती. "होय गो आये." "इली रापण, भरान इली." "मी हयच आसंय." "भिया नको." "जेवलंस काय गो?" "बस हां जरा, येतंय." सहा वाक्यं पाच मिनिटांत भरून झाली. मग घाम पुसून मी बाहेर आलो आणि खिडकी उघडली.

या वेळी आईने बाहुलं मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिने विचारलं, "रापण इली काय रे?" बाहुल्याने डोळे उघडले आणि म्हटलं, "होय गो आये." ती हसली. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं. चुकीचं उत्तर आलं तरी तिचं काही अडायचं नाही. रापण आली का विचारलं आणि "जेवलंस काय गो?" असं ऐकू आलं की ती काय काय जेवली ते सांगत बसायची, न जेवलेलंही. मी टेबलाशी बसून लिहायचो. ऱ्हस्व-दीर्घाचं प्रकरण संपलं, अनुस्वाराचं सुरू झालं. बहिणीला फोनवर मी म्हणालो की निवड अगदी योग्य ठरली.

सहा-सात आठवडे असे गेले. त्या काळात मी आईशी किती बोललो हे आठवून पाहिलं तर हाताची बोटंही लागत नाहीत. गरजच नव्हती.

मग एका दुपारी मी चहा घेऊन तिच्यापुढे गेलो. तिने मला पाहिलं, गडबडीने पदर डोक्यावर घेतला, खुर्चीचे हात धरून उठायला लागली.

"बसा साहेबांनु," ती म्हणाली. "खंयच्या हापिसातले तुमी?"

मला वाटलं थट्टा करतेय. कधी काळी करायची ती. मी म्हणालो, आई, मी आहे, तुझा मुलगा. तिने मला नीट न्याहाळलं. मग सरकारी माणसाची चूक सांभाळून सुधारावी अशा बेताने हसून तिने मांडीवरच्या बाहुल्यावर हात ठेवला.

"माझो झील ह्यो आसा. तो माज्यासारखो बोलता. तुमी हापिसासारखे बोलतास."

चहा तसाच ठेवून मी आत गेलो. आरशात पाहिलं नाही, पाहवलं नसतं. जे एक शिल्लक होतं ते मीच उचलून एका कापडी बाहुल्याच्या पोटात भरलं होतं आणि वर ते बोललं म्हणून खूश झालो होतो. याची लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याआधी राग आला. सांगायला जीभ रेटत नाही, पण मला त्या बाहुल्याचा हेवा वाटला. संध्याकाळी आई मोरीत गेली तेव्हा मी बाहुल्याच्या पाठीवरचं झाकण उघडून सेल काढले आणि टेबलाच्या खणात, लाल पेनांच्या डब्यात टाकले. माझा हिशेब सोपा होता: ते गप्प झालं की ती माझ्याकडे वळेल.

ती वळली नाही. ती बाहुल्याला विचारत राहिली, "रापण इली काय रे?" आणि वाट पाहत राहिली. मग तिने प्रश्न बदलला. रागावलंस काय, असं विचारलं. माझा काय चुकला, असं विचारलं. रात्रीचं जेवण तिने तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळची पेजही. झील बोलल्याशिवाय घास उतरत नाही, असं बायकोला म्हणाली. बायकोने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, सेल संपले असतील, इथे मिळत नाहीत तसले. ते साधे सेल होते, कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीत असायचे तसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको कामाला निघाली, तेव्हा मी आतल्या खोलीत वही घेऊन बसलो होतो; तिने येऊन ते सेल वहीवर ठेवले. पेन शोधताना तिला सापडले होते. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, तिने ती ऐकली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी तिच्या माहेरच्या बोलीत बोलली.

"एक तर हे घाला, नायतर तुमी बोला. पण आजच. म्हातारी दोन दिस जेवली नाय."

ती गेली. मी सेल हातात घेऊन बसून राहिलो. घालायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण ते घातले असते तर माझाच आवाज पुन्हा त्या बाहुल्यातून येणार होता आणि मी पुन्हा अनुस्वार लिहिणार होतो. एवढं तरी त्या दिवशी मला कळलं. सेल खिशात टाकून मी पडवीत गेलो.

आई खाली चटईवर बसली होती. समोर बायकोने सोलायला दिलेल्या वालाच्या शेंगा होत्या. तिने सोललेल्या दाण्यांचे वाटे घातले होते, माशांचे घालायची तसे, पाच-सहा, सारखे, हाताने निगुतीने गोळा केलेले. कपडे वाळत घालायचा दोर कुठून तरी तिच्या हाती लागला होता. त्याचं एक टोक तिच्या मांडीत होतं. बाहुलं खुर्चीत बसवलेलं होतं. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"साहेबांनु," ती म्हणाली, "दोराक हात लायलात काय? हात लावल्याशिवाय वाटो देवक येणा नाय."

आणि दोराचं दुसरं टोक तिने माझ्यापुढे धरलं.

मी खाली बसलो. तोंडवलीच्या वाळूत मी दोन बोटं टेकवून पळायचो ते आठवलं. ज्या कष्टांना मी दोन बोटांपलीकडे कधी हात लावला नाही, त्यांचा वाटा घेऊन मी शिकलो, आणि शिकून आलो तो तिचीच भाषा सुधारायला. मी दोर दोन्ही हातांनी धरला. बोलायला तोंड उघडलं तर आधी नेहमीचं, पुस्तकातलंच आलं होतं जिभेवर. ते गिळलं.

"लायलंय गो आये," मी म्हणालो. "ह्यो बघ."

तिचा चेहरा उजळला, पूर्वी मी खोलीत आल्यावर उजळायचा तसाच. आणि ती माझ्यावरून नजर काढून खुर्चीतल्या बाहुल्याकडे वळली.

"खंय होतंस रे दोन दिस?" तिने त्याला विचारलं.

खिशातले सेल मांडीला टोचत होते. बाहुल्याचे डोळे मिटलेले होते. ती उत्तराची वाट पाहत होती.

"हयच होतंय गो आये," मी म्हणालो.

तिने सुटकेचा श्वास सोडला. मग वाटे वाटायला घेतले. सगळ्यांत मोठा बाहुल्यासमोर ठेवला, झिलाने आज खूप ओढली म्हणून. एक लहान माझ्या ओंजळीत घातला. त्या दुपारी ती वाडगाभर पेज प्याली.

त्यानंतर मी सेल कधीच घातले नाहीत. दुपारी दोन वाजले की मी आईच्या खुर्चीमागे, तिला दिसणार नाही असं स्टूल टाकून बसायचो आणि बाहुलं बोलायचं. सहा वाक्यांची मर्यादा आता उरली नव्हती. तोंडवलीचं घर, बाबांची होडी, तिने बाजारात कुणाकुणाला हाणलेले टोले, सगळ्यावर आम्ही बोललो. चाळीस वर्षांत जेवढं बोललो नाही तेवढं त्या दीड वर्षात बोललो. बायको कधी कामावरून लवकर आली की दारातच थांबून ऐकायची. शुद्धलेखनाची पुस्तिका अनुस्वाराच्या प्रकरणातच राहिली, ती आजतागायत. समोर आलो की मात्र मी साहेबच होतो. ती पदर सारखा करायची आणि मला बसायला सांगायची.

ती जाण्याच्या महिनाभर आधी एकदा मी विसरलो. दुपारचा चहा तिच्या हातात देताना, समोर उभा राहूनच बोलून गेलो, "गरम आसा गो, बघून घे." कप हातात धरून ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं, आता ओळखेल.

"साहेबांनु," ती शेवटी म्हणाली, "तुमी माज्या झिलासारखे बोलूक शिकलात. बरा झाला."

मी मान हलवली, आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन बसलो.